एईसी केबल: डेटा सेंटरमध्ये निवडायची कशी, ओढायची कशी, तपासायची कशी

रॅकमध्ये वर ८०० जीचा (सेकंदाला ८०० गिगाबिट) स्विच, खाली प्रत्येकी आठ जीपीयूंचे चार सर्व्हर आणि सर्वांत खालच्या सर्व्हरपर्यंत केबलची वाट अडीच मीटरची. साध्या तांब्याच्या केबलला, म्हणजे डॅकला, एवढी वाट झेपत नाही. ऑप्टिकल मॉड्यूल लावली तर काम होतं, पण वीज आणि पैसा दोन्ही जास्त जातात. साधारण दोन ते सात मीटरचा हा मधला पट्टा एईसीचा, म्हणजे ॲक्टिव्ह इलेक्ट्रिकल केबलचा.

बाहेरून एईसी डॅकसारखीच दिसते: दोन टोकांना धातूचे कनेक्टर, मध्ये तांब्याच्या जोड्या. फरक कनेक्टरच्या आत आहे. तिथे रीटायमर चिप बसवलेली असते. ही चिप आलेला सिग्नल नुसता मोठा करत नाही. त्याचा घसरलेला आकार सावरते, त्यातून घड्याळ काढते, प्रत्येक चिन्ह कोणतं होतं याचा निर्णय घेते आणि ते नव्याने पाठवते. एसीसी नावाने मिळणारी केबल वेगळी. तिच्यात फक्त वर्धक असतो आणि तो सिग्नलबरोबर गोंगाटही वाढवतो. खरेदीच्या कागदावर ही दोन नावं सर्रास एकमेकांत मिसळतात, म्हणून ‘दोन्ही टोकांना रीटायमर’ हे शब्द स्पष्ट लिहून घ्या.

रीटायमरमुळे एका दुव्याचे तीन दुवे होतात: स्विचच्या चिपपासून जवळच्या रीटायमरपर्यंत पहिला, दोन रीटायमरमधलं तांबं दुसरा, दूरच्या रीटायमरपासून नेटवर्क कार्डापर्यंत तिसरा. निवड करताना, सेटिंग लावताना आणि विशेषतः बिघाड शोधताना हे तीन तुकडे वेगवेगळे धरले की एईसी सरळ वागते. ती एकसंध तार आहे असं समजून तपासायला बसलं की दिवस वाया जातो.

तांबं कुठे कमी पडतं

लेनचा, म्हणजे केबलमधल्या एकेका समांतर डेटामार्गाचा, वेग वाढला की तांब्याची पोच झपाट्याने घटते. २५ जी लेनच्या १०० जी जोडणीत डॅक ५ मीटर जात होती. ५० जी लेनला ती ३ मीटरवर आली आणि २०२२ मध्ये मंजूर झालेल्या आयईईई ८०२.३ सीके मानकात १०० जी लेनसाठी २ मीटरवर. पुढच्या २०० जी लेनसाठी १ मीटरचंच उद्दिष्ट ठेवलेलं आहे.

१०० जी लेनवर पॅम-४ पद्धतीने (एका चिन्हात दोन बिट) सेकंदाला ५३.१२५ अब्ज चिन्हं जातात, म्हणजे सिग्नलची निर्णायक वारंवारता २६.५६ गिगाहर्ट्झ. या वारंवारतेला विद्युतप्रवाह तारेच्या पृष्ठभागालगतच्या साधारण ०.४ मायक्रॉन थरातूनच वाहतो, आतलं तांबं जवळपास निरुपयोगी ठरतं. वर इन्सुलेशनमधला क्षयही वारंवारतेबरोबर वाढत जातो. डॅकमध्ये यावर उपाय एकच, तार जाड करायची. २६ गेजची तार ०.४ मिलिमीटरची असते. अशा १६ जोड्या एका ८०० जी केबलमध्ये भरल्या की ती जाड, ताठ आणि जड होते. एईसीत क्षय भरून काढायचं काम रीटायमर करतो, त्यामुळे ०.२ मिलिमीटरची ३२ गेज तारही पुरते. रॅकच्या मागच्या बाजूला हवेला वाट मिळते ती या बारीकपणामुळे.

दीड मीटरमध्ये भागत असेल तर मात्र डॅकच घ्या. तिच्यात चिप नाही, फर्मवेअर नाही, वीज जवळजवळ शून्य, आणि जी गोष्ट केबलमध्ये नाहीच ती बिघडतही नाही. सात मीटरच्या पुढे फायबर.

आधी अंतर, मग केबल

रॅकचा एक यू, म्हणजे उंचीचा एक खण, ४४.४५ मिलिमीटरचा. समजा ४८ यूच्या रॅकमध्ये स्विच ४६व्या यूवर आहे आणि सर्व्हरचं कार्ड १०व्या यूवर. मधले ३६ यू म्हणजे १६०० मिलिमीटर. पोर्टपासून बाजूच्या केबल मॅनेजरपर्यंत दोन्ही टोकांना २५०-२५० मिलिमीटर धरा, वळणांसाठी आणि ढिलाईसाठी २०० ठेवा. बेरीज २३०० मिलिमीटर, म्हणून केबल अडीच मीटरची. स्विचचे पोर्ट रॅकच्या पुढच्या बाजूला आणि सर्व्हरची कार्डं मागच्या बाजूला असतील तर रॅकच्या खोलीचे आणखी ८०० ते ९०० मिलिमीटर जोडा. मग साडेतीन मीटर लागते. शेजारच्या रॅकमध्ये जायचं असेल तर वर चढून ६०० मिलिमीटर आडवं आणि पुन्हा खाली.

ऑर्डर देण्याआधी एक प्रश्न जरूर विचारा: स्विच मध्यभागी घेता येईल का? तोच स्विच २४व्या यूवर आणला तर १०व्या यूचं अंतर १४ यू, म्हणजे ६२२ मिलिमीटर होतं आणि वरचे ७०० मिळवूनही दीड मीटरची डॅक पुरते. एक स्विच हलवल्याने अख्ख्या रॅकचा केबलचा खर्च बदलू शकतो.

सगळ्यांसाठी एकच लांबी मागवण्याचा मोह टाळा. प्रत्येक केबल एक मीटर जास्त असेल तर ३२ केबलची ३२ मीटर गुंडाळी सर्व्हरच्या पंख्यांच्या तोंडावर लटकते. दोन किंवा तीन लांब्या ठरवा, अर्ध्या मीटरच्या टप्प्यात.

दोन्ही टोकांचे पोर्ट जुळतात का

सर्वाधिक चुका इथे होतात, आणि त्या माल येऊन पडल्यावरच कळतात.

पहिली गोष्ट लेनची. ‘४०० जी’ असं दोन्हीकडे लिहिलं म्हणजे जुळलं, असं नव्हे. जुन्या क्यूएसएफपी-डीडी (हा पोर्टचा एक प्रकार) स्विचवर ४०० जी म्हणजे ५० जीच्या आठ लेन. नव्या क्यूएसएफपी-११२ कार्डावर १०० जीच्या चार. डॅक ही नुसती तार, ती आठाचे चार करू शकत नाही. एईसीच्या चिपमध्ये गिअरबॉक्स असेल तर ती करते, पण त्यासाठी केबल त्याच कामाची मागवावी लागते. ऑर्डरमध्ये ‘टोक अ: ८ गुणिले ५० जी, टोक ब: ४ गुणिले १०० जी’ असं लिहा.

दुसरी गोष्ट आकाराची. ओएसएफपी या पोर्टप्रकारात टोकांचे दोन आकार प्रचलित आहेत: वर उष्णतेच्या पट्ट्या असलेलं आणि सपाट पाठीचं. स्विचमध्ये सहसा पट्ट्यांचं चालतं. कार्डाच्या पिंजऱ्यावर, म्हणजे टोक शिरतं त्या धातूच्या चौकटीवर, स्वतःचा हीटसिंक असतो, म्हणून तिथे सपाटच टोक जातं. पट्ट्यांचं टोक कार्डात शिरतच नाही. एकाच केबलच्या दोन टोकांना दोन वेगवेगळे आकार लागणं ही नेहमीची बाब आहे.

तिसरी गोष्ट फाट्यांची. ८०० जीच्या एका पोर्टमधून दोन ४०० जी काढणारी वाय केबल घेतली की चार सर्व्हरच्या ३२ कार्डांना १६ केबल लागतात. कोणता फाटा १ ते ४ लेनचा आणि कोणता ५ ते ८ चा, हे टोकावरच्या लेबलशी ताडून पाहा आणि स्विचमध्ये त्या पोर्टचं विभाजन आधीच करून ठेवा.

वाय केबलचा आणखी एक उपयोग आहे: एका सर्व्हरला दोन स्विच. मायक्रोसॉफ्टने उभ्या केलेल्या सोनिक या मुक्त स्विच प्रणालीत अशी सोय आहे. केबलमधली चिपच मार्ग निवडते आणि एक स्विच बंद पडला की वाहतूक दुसऱ्याकडे वळवली जाते. ही केबल नेहमीच्या फाटा केबलपेक्षा वेगळी असते. दोघींच्या पेट्या वेगळ्या ठेवा.

वीज आणि उष्णता

४०० जीच्या एका टोकाला साधारण ५ ते ६ वॉट, ८०० जीच्या टोकाला १० वॉटच्या आसपास. वरच्या १६ वाय केबलचा हिशेब असा: एका केबलला १० अधिक ५ अधिक ५, म्हणजे २० वॉट, सगळ्या मिळून ३२० वॉट. हेच काम ऑप्टिकलने केलं तर आकडा ढोबळमानाने दीड ते दोन पट होतो. आपल्या केबलचा खरा आकडा तिच्या माहितीपत्रकातूनच घ्या.

प्रत्येक टोक आपापल्या यजमानाकडून, म्हणजे स्विच किंवा कार्डाकडून, ३.३ व्होल्टवर वीज घेतं. यातून दोन परिणाम निघतात. सर्व्हर बंद झाला आणि कार्डाची वीज गेली की त्या टोकाचा रीटायमर मरतो आणि स्विचवर दुवा खाली दिसतो. तो बिघाड नव्हे. दुसरं, केबल जो वीजवर्ग सांगते तो पोर्टला मान्य नसेल तर पोर्ट तिला कमी विजेच्या स्थितीतच अडकवून ठेवतो. क्यूएसएफपी-डीडीत वर्ग ५ म्हणजे १० वॉटपर्यंत, वर्ग ६ म्हणजे १२ वॉटपर्यंत. पोर्टची मर्यादा आधी पाहा.

उष्णतेत लक्ष ठेवायचं ते कार्डाच्या टोकाकडे. स्विचचं टोक बऱ्याचदा थंड हवेत असतं, पण सर्व्हरच्या मागचं कार्ड जीपीयूंवरून आलेल्या गरम हवेत बसलेलं असतं. बहुतेक एईसींच्या कवचाची मर्यादा ७० अंश सेल्सिअस असते आणि ती आधी ओलांडली जाते कार्डाकडेच. तापमान पाहायचं तर सर्व्हर पूर्ण भारावर असताना पाहा. रिकाम्या रॅकमधलं तापमान काहीच सांगत नाही.

केबल ओढताना

केबल टोकाला धरून ओढू नका, अंगाला धरून ओढा. टोकात जोड्या छोट्या पाटीवर डाख देऊन बसवलेल्या असतात. ताण तिथे आला की एखादी जोडी अर्धवट सुटते आणि पुढे महिनोन्महिने अधूनमधून चुका देत राहते.

कनेक्टरच्या कवचामागे पहिले काही सेंटिमीटर केबल सरळ असू द्या. वळणाची किमान त्रिज्या माहितीपत्रकात असते. ती हाताशी नसेल तर केबलच्या व्यासाच्या पाचपटीपेक्षा घट्ट वळण देऊ नका. प्लास्टिकच्या टायने आवळू नका, वेल्क्रो वापरा आणि तोही एक बोट आत जाईल इतकाच. घट्ट आवळलं की जोडीतल्या दोन तारांमधलं अंतर बदलतं, तिथे सिग्नल परततो, आणि बाहेरून काहीही दिसत नाही.

टोक आत सरकवताना लॅचचा टक आवाज येईपर्यंत दाबा. मग पट्टी न ओढता कवचाला धरून हलकेच मागे ओढून पाहा. हललं तर बसलेलं नाही. केबलचा भार कनेक्टरवर लोंबकळता ठेवू नका, पहिला आधार जवळच द्या.

नवी मुंबईत जुलैमध्ये काम करणाऱ्यांनी एक गोष्ट पाळावी. थंड हॉलमध्ये ठेवलेली सुटी केबल बाहेरच्या दमट खोलीत आणून लगेच पाकीट फोडलं तर धातूच्या संपर्कपट्ट्यांवर दव धरतं. पाकीट बंद असतानाच केबल खोलीच्या तापमानाला येऊ द्या, किंवा फोडायचं ते हॉलच्या आतच फोडा.

दोन्ही टोकांना लेबल, आणि लेबलवर दोन्ही पोर्टांची नावं. अनुक्रमांक केबल लावण्याआधीच नोंदवा. नंतर तो केबलच्या मेमरीतून वाचता येतो, पण दुवा बंद असताना माणूस रॅकसमोर उभा असतो आणि त्याला कवचावरचाच आकडा दिसतो.

दुवा वर आणणं

डॅकमध्ये दोन्ही यजमान ऑटोनिगोशिएशन (वेग ठरवणं) आणि लिंक ट्रेनिंग (सिग्नल जुळवून घेणं) करून आपसांत सगळं ठरवतात, कारण मध्ये फक्त तार असते. एईसीत स्विचचं संभाषण जवळच्या रीटायमरशी असतं, दूरच्या कार्डाशी नाही. बऱ्याच एईसी ट्रेनिंग करतच नाहीत, त्यांना ऑप्टिकल मॉड्यूलसारखं वागवावं लागतं, काही करतात. म्हणून उत्पादकाच्या पत्रकात पाहा आणि दोन्ही टोकांना तीच सेटिंग ठेवा. एकीकडे चालू, दुसरीकडे बंद हे नवी एईसी वर न येण्याचं सर्वांत सामान्य कारण आहे. आधी डॅक लावलेल्या पोर्टवर एईसी लावली तर हे हमखास होतं, कारण जुनी सेटिंग तशीच राहिलेली असते.

क्रम असा ठेवा. पोर्टचा वेग आणि लेनची संख्या स्वयंचलित न ठेवता हाताने लिहा. चुका दुरुस्त करणारी एफईसी दोन्हीकडे आरएस-५४४ ठेवा. पॅम-४ मध्ये ती अनिवार्य आहे. ऑटोनिगोशिएशन पत्रकाप्रमाणे. मग केबल लावा आणि थांबा. केबलची चिप आधी वीज घेऊन तयार होते, मग तांब्यावर दूरच्या चिपशी जुळवून घेते, आणि त्यानंतरच यजमानाचा दुवा वर येतो. याला काही सेकंद लागतात. तीन सेकंदांत दिवा लागला नाही म्हणून केबल काढून पुन्हा लावणारा माणूस तोच क्रम पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. काढलीच तर दहा सेकंद थांबून लावा.

त्यानंतर केबलची मेमरी वाचा. लिनक्सवर ईथटूलच्या मॉड्यूल-माहिती पर्यायाने, सोनिकवर ट्रान्सीव्हरची माहिती दाखवणाऱ्या आदेशाने. सीएमआयएस (मॉड्यूल हाताळण्याचं सामायिक मानक) पद्धतीच्या केबलमध्ये दोन स्थिती पाहायच्या: मॉड्यूल ‘रेडी’ आणि डेटापाथ ‘ॲक्टिव्हेटेड’. मॉड्यूल ‘लो पॉवर’वर अडकलं असेल तर विजेचा प्रश्न आहे. मॉड्यूल रेडी पण डेटापाथ पुढे सरकत नाही, तर निवडलेला वेग किंवा लेनची मांडणी केबलला मान्य नाही.

एक सूक्ष्म बाब. ट्रेनिंग नसेल तर स्विच प्रत्येक पोर्टसाठी आधी लिहून ठेवलेली, सिग्नलला आकार देणारी मूल्यं वापरतो, आणि ती केबलचा प्रकार ओळखून निवडतो. केबल अनोळखी असेल तर सरधोपट मूल्यं लागतात. मधल्या पोर्टांवर ती चालून जातात. स्विचच्या कडेच्या, चिपपासून लांब असलेल्या पोर्टांवर मात्र चुका वाढतात. काही ठरावीक पोर्टांवरच, कोणतीही केबल लावली तरी चुका जास्त येत असतील तर केबल बदलत बसू नका; या मूल्यांची तक्ता-फाइल तपासा.

दुवा वर आला म्हणजे झालं नाही

मेटाने २०२४ मध्ये लामा ३ या एआय मॉडेलच्या प्रशिक्षणाचे आकडे प्रसिद्ध केले. १६,३८४ जीपीयूंवर ५४ दिवसांत ४१९ अनपेक्षित खंड पडले, त्यांतले ३५ नेटवर्क स्विच किंवा केबलमुळे. इतक्या मोठ्या कामात एक दुवा क्षणभर पडला तरी सगळे जीपीयू थांबतात. म्हणून स्वीकृतीची चाचणी करताना हिरव्या दिव्यावर भिस्त ठेवू नका.

एफईसीच्या आधीचा चुकांचा दर पाहा. आरएस-५४४ साधारण दहा हजार बिटांत २.४ चुकांपर्यंत सावरू शकते, पण त्या कड्यावर उभी असलेली केबल स्वीकारायची नाही. चांगल्या दुव्यावर हा दर दहा कोटी बिटांत एक किंवा त्याहून कमी असावा, अशी आमची अट असते. १०० जी लेनवर तोही सेकंदाला हजारेक चुका होतो, आणि एफईसी त्या सगळ्या निमूट दुरुस्त करते.

सरासरीपेक्षा महत्त्वाचा आहे एफईसीचा हिस्टोग्राम. आरएस-५४४ च्या एका कोडवर्डमध्ये, म्हणजे एफईसी एकत्र तपासते त्या गटात, १५ चुकीची चिन्हं (इथे दहा बिटांचे तुकडे, पॅम-४ ची चिन्हं नव्हेत) दुरुस्त होतात, सोळावं आलं की तो पूर्ण गेला. हिस्टोग्राममध्ये किती कोडवर्डमध्ये किती चिन्हं चुकली हे दिसतं. निरोगी दुव्यावर शून्याच्या खान्यात प्रचंड आकडा, एकच्या खान्यात बराच कमी, दोन-तीनमध्ये अगदी थोडे आणि पुढे कोरं. सरासरी उत्तम आहे, पण सात-आठ-नऊच्या खान्यांत तुरळक आकडे उमटताहेत, तर चुका झुंडीने येत आहेत. ढिलं टोक, आवळलेलं वळण किंवा वीजपुरवठ्यातला गोंगाट असं काहीतरी त्यामागे असतं. अशी केबल आज चालते आणि भार वाढला की पडते. ती स्वीकारू नका.

वेळेचा हिशेबही करा. एफईसीनंतर लाख कोटी बिटांत एकापेक्षा कमी चूक आहे हे ९५ टक्के खात्रीने म्हणायला १०० जी लेनवर सुमारे २८ सेकंद निष्कलंक जावे लागतात. याच्या हजारपट कडक अटीसाठी जवळपास आठ तास. म्हणून चाचणी रात्रभर ठेवावी, सर्व्हर पूर्ण भारावर आणि तापमानाची नोंद सोबत.

बिघाड कोणत्या तुकड्यात

चूक कार्डाच्या काउंटरवर दिसते म्हणून ती कार्डाजवळ घडली, असं नाही. केबल एफईसी स्वतः सोडवत नसेल तर तिन्ही तुकड्यांच्या चुका एकत्र होऊन शेवटच्या टोकाला मोजल्या जातात.

आधी दिशा ठरवा. चुका फक्त कार्डाकडे येताना असतील तर स्विचकडून निघणारा मार्गच संशयित. उलट मार्ग सोडून द्या. मग लूपबॅक. बऱ्याच सीएमआयएस केबलमध्ये रीटायमरला सांगता येतं की यजमानाकडून आलेलं तसंच परत पाठव. स्विचच्या टोकाला हे लावून पीआरबीएस-३१ (ठरावीक, वरवर यादृच्छिक बिटांची) चाचणी चालवली आणि चुका आल्या, तर दोष पहिल्या तुकड्यात: पोर्ट, पिंजरा किंवा सिग्नलला आकार देणारी मूल्यं. तिथे स्वच्छ, कार्डाच्या टोकालाही स्वच्छ, तर दोष तांब्यात. केबल रीटायमरकडचं सिग्नल-गोंगाट गुणोत्तर दाखवत असेल तर आठही लेनचे आकडे शेजारी ठेवा. एकच लेन वेगळी पडली असेल तर ती जोडी सुटलेली आहे, आणि अशी केबल जागेवर दुरुस्त होत नाही.

लूपबॅक नसेल तर अदलाबदल. दोन सारख्या आकाराची टोकं असतील तर केबल उलटी लावा. नसतील तर शेजारची चांगली केबल आणून लावा. दोष केबलबरोबर सरकला तर केबल वाईट, पोर्टपाशीच राहिला तर पोर्ट. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि बदल लिहून ठेवा.

दुवा दिवसातून एक-दोनदा पडत असेल तर पडण्याच्या वेळा तापमानाच्या नोंदीशी जुळवून पाहा, मग केबलच्या फर्मवेअरची आवृत्ती पाहा. एकाच खरेदीतल्या केबलमध्येही दोन आवृत्त्या सापडतात. अद्ययावत करताना बहुधा दुवा पडतो, त्यामुळे देखभालीच्या वेळेतच करा, आणि दोन्ही टोकांच्या चिपांवर एकच आवृत्ती बसली याची खात्री करा. एकच टोक अद्ययावत झालेली केबल चालू दिसते आणि पुढच्या रीस्टार्टला वर येत नाही.

सुट्या केबल प्रत्येक लांबीच्या आणि प्रत्येक टोक-जोडीच्या शंभरात दोन-तीन, निदान एक तरी ठेवा. ठेवताना त्यांवरही तीच आवृत्ती चढवा आणि पाकिटावर तारीख लिहा.